गाडीचं कार्पेट कोणासाठी होतं?

संशोधनाचा विषय शोधताना आपली नजर बहुतेक वेळा मोठ्या गोष्टींकडे जाते. मोटारगाडीचा इतिहास म्हटला की इंजिन, कारखाना, कामगार संघटना, फार तर जाहिराती. पायाखाली काय आहे हे सहसा कोणी विचारत नाही. आज तेच विचारू या, कारण विषय छोटा असला तरी त्यात प्रश्न कसा मांडायचा याचं चांगलं उदाहरण सापडतं.

अमेरिकेत जुन्या जीप, पिकअप आणि व्हॅन बाळगणाऱ्यांमध्ये एक पद्धत चांगलीच रुळली आहे. आतलं कार्पेट उपटून काढायचं, खालचा पत्रा घासून गंज काढायचा आणि त्यावर पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा जाड, खरखरीत थर द्यायचा. हा लेप मुळात पिकअपच्या मागच्या हौद्यासाठी निघाला. हौद्यातून तो केबिनमध्ये, म्हणजे माणसांच्या पायाखाली आला.

आता 'हा लेप का आला?' असा प्रश्न घेतला तर हाती तांत्रिक यादी लागते: टिकतो, धुता येतो, गंज रोखतो. ही उत्तरं खरी आहेत, पण ती कंपनीच्या माहितीपत्रकातही मिळतात. प्रश्न उलटा करा. जी वस्तू लोक उपटून फेकतात, ती तिथे आली कशी आणि कोणासाठी? इथून इतिहास सुरू होतो.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पुढे लाकडी फळ्या होत्या, त्यावर रबरी मॅट. फळ्या उचलल्या की खालच्या यंत्रापर्यंत हात पोचायचा. ड्रायव्हर ठेवणाऱ्या श्रीमंतांच्या गाड्या बघितल्या तर आणखी मजेशीर गोष्ट दिसते. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला चामडं आणि रबर, मागे मालकाच्या बाजूला मऊ कापड आणि गालिचा. एकाच गाडीत दोन जमिनी! ड्रायव्हर चिखलातून येणार, बॉनेट उघडून हात काळे करणार. मालक घराच्या पायरीवरून थेट गाडीत पाय ठेवणार. कार्पेट म्हणजे 'इथे बसणारा माणूस काम करत नाही' असं सांगणारी खूण होती, असं मला वाटतं.

हीच खूण पुढे पिकअपवर उमटली. बराच काळ पिकअपला आत रबरी मॅटच असे, कारण ते शेतावरचं आणि साइटवरचं वाहन. मग १९६७ मध्ये शेव्हरोलेने सीएसटी नावाचा महागडा प्रकार काढला. त्यात आत कार्पेट होतं. पिकअप आता कामाबरोबर मिरवायचीही वस्तू झाली होती. आजही अमेरिकी कंपन्यांच्या पिकअपमध्ये सगळ्यात स्वस्त, कामासाठीच्या प्रकारात बहुधा व्हिनाइलची जमीन येते. वरच्या प्रकारांत कार्पेट.

जीपची गोष्ट तर याहून बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला आत उघडा पत्रा होता आणि पाणी सोडून द्यायला भोकं होती, त्यांना बुचं. युद्धानंतर ही गाडी हळूहळू घरगुती झाली आणि वर कार्पेट चढलं. पण खालची भोकं गेली नाहीत. नव्वदच्या दशकातल्या रँगलरचं कार्पेट उचला, खाली बुचं तशीच सापडतात. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना हे वेगळं सांगायला नको: वरचा थर नवा, खालचा जुना, आणि जुन्या थराचं काम कोणी रद्द केलेलं नाही.

बरं, कार्पेट नुसतं मिरवायला होतं असंही समजू नका. ते आवाज शोषतं, तळाची उष्णता अडवतं, वायरी आणि वेल्डिंगचे सांधे झाकतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाभोवती टफ्टिंगच्या यंत्रांवर कार्पेटचा प्रचंड उद्योग उभा राहिला आणि नायलॉनचे धागे आल्यावर हा माल स्वस्त झाला. गरम करून साच्यात दाबलं की कार्पेट गाडीच्या तळाचा आकार घेतं, त्यामुळे कारखान्यात ते बसवायला फार वेळ लागत नाही. त्याच्या खाली ताग किंवा जुन्या कापडाच्या चिंध्यांपासून केलेला जाड नमदा. खरी गडबड याच नमद्याने केली.

इथे रस्त्यांचा इतिहास मध्ये येतो. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकून पाहिलं आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यापासून ते धोरण म्हणून स्वीकारलं. युद्धानंतर बर्फाळ राज्यांत ही रीतच पडली. बुटाला लागलेला बर्फ आणि त्यातलं मीठ गाडीत यायचं, कार्पेटमधून झिरपून नमद्यात बसायचं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून वरून कोरडं लागलं तरी खालचा नमदा ओलाच राहायचा. क्लोराइड आणि ओलावा एकत्र आले की लोखंड आतून सडतं. खालून गंज दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

याचा पुरावा कुठे शोधायचा? जुन्या अमेरिकी गाड्यांच्या सुट्या भागांचे कॅटलॉग बघा. संपूर्ण फ्लोअरपॅन मिळतोच, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा तेवढाच तुकडा वेगळा विकायला असतो. जो कोपरा सुटा विकला जातो, तो कोपरा सडतो. कॅटलॉग हा गंजाचा नकाशा आहे. ट्रिम लेव्हलची माहितीपत्रकं, सर्व्हिस मॅन्युअल, पेटंट ही सगळी अशीच साधनं. पुराभिलेखागाराच्या दारात उभं राहण्याआधी ती चाळून घ्यावीत.

लेपाची रसायनशास्त्रीय बाजू थोडक्यात. १९३७ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुझेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन बनवलं. आयसोसायनेट आणि पॉलिऑल यांची ही प्रक्रिया. पॉलिऑलच्या जागी अमाइन वापरलं की पॉलियुरिया मिळतं. ते काही सेकंदांत घट्ट होतं, हवेतल्या दमटपणाने त्याचं फारसं बिघडत नाही. टेक्सॅको केमिकल कंपनीत १९८० च्या दशकात फवारण्याजोगं पॉलियुरिया विकसित झालं. १९८८ मध्ये ऱ्हायनो लाइनिंग्ज आणि १९९३ मध्ये लाइन-एक्स या कंपन्या अमेरिकेत सुरू झाल्या आणि हौद्यावर लेप फवारून देणारी दुकानं गावोगाव निघाली. पाठोपाठ घरच्या घरी रोलरने लावायचे डबे आले.

इथपर्यंत गोष्ट 'गैरसोयीची वस्तू गेली, सोयीची आली' अशी सरळ वाटते. तिथे थांबू नका.

फवारणी होते तेव्हा आयसोसायनेटचे बारीक कण हवेत उडतात. शरीराला एकदा त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो. २००३ मध्ये मिशिगन राज्यात असा लेप फवारण्याचं काम करणारा एक कामगार दम्याच्या झटक्याने मरण पावला. तो एका व्हॅनच्या आत फवारणी करत होता. अमेरिकेची व्यवसायजन्य आरोग्यावरची सरकारी संस्था नायोश हिने २००६ मध्ये याच कामाबद्दल इशारा देणारी पुस्तिका काढली. उघड्या हौद्यात फवारणं आणि बंद केबिनमध्ये फवारणं यात किती फरक आहे, हे त्या व्हॅनवरून कळतं.

आयसोसायनेट म्हटलं की आपल्याला भोपाळ आठवणारच. १९८४ मध्ये तिथे गळालेलं मिथाइल आयसोसायनेट अतिशय बाष्पशील होतं. लेपात वापरतात ते एमडीआय तसं नाही, ते साध्या तापमानाला फारसं उडत नाही. म्हणून दोन्ही एका रांगेत बसवणं चूक ठरेल. पण गरम करून, दाबाने फवारलं की न उडणारी गोष्टही श्वासात जाते. आणि अशा लेपावर पुढे कोणी वेल्डिंग केलं तर जळणाऱ्या थरातून आयसोसायनेट पुन्हा बाहेर पडू शकतं. म्हणजे हा थर देणाऱ्याइतकाच, वीस वर्षांनी तो पत्रा दुरुस्त करणाराही या इतिहासात येतो. त्याचं नाव कुठल्याच बिलावर नसतं.

शिवाय कार्पेट पुन्हा काढता येतं, लेप नाही. खालचा गंज नीट न काढता थर दिला तर गंज आत चालूच राहतो, फक्त दिसत नाही. आणि आवाज वाढतो तो वेगळाच.

आपल्याकडे काय? महिंद्राने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली तेव्हा तो उघडा पत्रा आपल्याकडेही आला. २०२० च्या थारमध्ये कंपनीने धुता येणारी जमीन आणि पाणी सोडायची बुचं परत आणली, तीही वैशिष्ट्य म्हणून जाहिरात करून. साध्या गाड्यांत मात्र आपण तिसराच मार्ग काढला आहे. कार्पेट काढत नाही, त्यावर व्हिनाइलचं मॅटिंग घालतो. कंपनीने दिलेलं कार्पेट आयुष्यभर झाकलेलं राहतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. त्या गाड्यांतल्या मॅटिंगखालच्या, कार्पेटखालच्या नमद्याचं काय झालं असेल, हे सीट कव्हरवाल्यांना आणि डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना विचारण्याजोगं आहे.

कोणाला यावर पीएच.डी.चा एखादा अध्याय करायचा असेल तर मुलाखती पुणे-पिंपरीपासून सुरू करा. गॅरेज भरपूर आहेत आणि जुने कारागीर अजून कामावर आहेत. दुपारी दोन-तीनच्या सुमारास जा, सकाळी कोणाला वेळ नसतो. प्रश्नावलीत 'कार्पेट आवडतं का?' असं विचारून काही हाती लागणार नाही. 'गाडी आतून कोण धुतं?' इथून सुरुवात करा.