प्र-कुलगुरू (ज्ञान हस्तांतरण)

प्र-कुलगुरू (ज्ञान हस्तांतरण) हे विद्यापीठातील संशोधन उद्योग, शासन व समाज यांच्या उपयोगात आणण्याची जबाबदारी सांभाळणारे वरिष्ठ पद आहे. ते प्रामुख्याने ब्रिटनमधील विद्यापीठांत आढळते. तेथे कुलगुरूंच्या साहाय्यासाठी अनेक प्र-कुलगुरू असतात व त्यांच्यात विषयवार कामाची वाटणी होते. पदाचे नाव सर्वत्र सारखे नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात ते प्र-कुलगुरू (नवोपक्रम) असे आहे. काही विद्यापीठांत निधी-उभारणी व माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ही विकासविषयक कामेही याच पदाकडे असतात.

पार्श्वभूमी

सार्वजनिक निधीतून लागलेल्या शोधांचा व्यापारी उपयोग व्हावा, यासाठी ब्रिटनने १९४८ च्या कायद्याने एक राष्ट्रीय महामंडळ निर्माण केले. १९८१ मध्ये त्यातून ब्रिटिश टेक्नॉलॉजी ग्रुप ही संस्था आकारास आली. अशा शोधांवरील तिचा पहिला हक्क १९८५ मध्ये संपुष्टात आला आणि ही जबाबदारी विद्यापीठांवर आली. ऑक्सफर्डने १९८७ मध्ये यासाठी स्वतःच्या मालकीची कंपनी स्थापन केली. २०१६ पासून ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी इनोव्हेशन या नावाने ओळखली जाते.

कार्ये

बौद्धिक संपदेचे धोरण ठरवणे, पेटंट व परवान्यांच्या कामावर देखरेख ठेवणे, संशोधकांच्या नवउद्योगांना साहाय्य करणे आणि उद्योगांशी करार करणे ही या पदाची मुख्य कार्ये होत. करारातील गोपनीयतेमुळे संशोधनाच्या प्रकाशनात अडथळा येऊ नये व संशोधकांचे आर्थिक हितसंबंध उघड असावेत, याकडेही लक्ष द्यावे लागते.

सार्वजनिक हित व परवाने

शोध सर्वांना खुला ठेवावा की एकाच कंपनीला त्याचा अनन्य परवाना द्यावा, हा या क्षेत्रातील मूलभूत प्रश्न आहे. खुल्या परवान्यामुळे अनेकांना उत्पादन करता येते. परंतु चाचण्या व कारखान्यांवर मोठा खर्च करण्यास कंपन्या अनन्य हक्काशिवाय सहसा तयार होत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये ऑक्सफर्डने कोव्हिड-१९ संबंधित संशोधनासाठी साथीच्या काळात खुले, स्वामित्वशुल्कमुक्त परवाने देण्याचे सर्वसाधारण धोरण जाहीर केले होते. लसीचे हक्क मात्र त्याने ॲस्ट्राझेनेका या एकाच कंपनीला दिले. साथ असेपर्यंत लस विनानफा पुरवण्याची अट त्यात होती. या निर्णयावर टीका झाली. पुढे ॲस्ट्राझेनेकाशी झालेल्या करारानुसार पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हीच लस कोव्हिशिल्ड या नावाने तयार केली.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये प्र-कुलगुरू हे पद आहे. मात्र ते ज्ञान हस्तांतरणापुरते मर्यादित नाही. या कामासाठी अधिनियमात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य या विषयाचे स्वतंत्र संचालकपद आहे. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून लागू झाला.