परदेशगमन आणि 'कुशल' ह्या शब्दाची कहाणी

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे तीत देवालयाची पायाभरणी, शाळेचा प्रारंभ व पूर्वसूरींची स्मृती ह्यांचे वर्णन असावयाचे, अशी रूढी आहे. आणि ती योग्यच आहे. परंतु धर्मग्राम हा अखेर माणसांचा असतो, आणि माणसे येतात व जातात. जळगाव व धुळे ह्या दोन्ही जिल्ह्यांतील आमचे तरुण आज वारंवार विचारतात, "कुशल कामगार म्हणून विलायतेस किंवा जर्मनीस जावयाचे आहे, आम्ही पात्र आहो की नाही?" हा प्रश्न दिसावयास एकट्यादुकट्याचा, परंतु त्याच्या पाठीमागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला म्हणजे उत्तर शोधणे सोपे जाते व फसवणूकही टळते. म्हणून तो येथे संक्षेपाने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या घराकडे पाहू. १८६० नंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग खानदेशात आला, भुसावळ हे मोठे जंक्शन बनले, आणि १८७० साली मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे ह्याच मार्गाने जोडली गेली. रेल्वेच्या पाठोपाठ इंजिन हाकणारे, फिटर, लोहार व सुतार दूरदूरच्या प्रांतांतून येथे आले. त्यांत गोमंतकीय, तामिळ व अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबेही होती. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगाव व धुळे ही त्यांची ठाणी झाली, तेव्हा ही मंडळी येथे चांगलीच रुजली होती. परप्रांतातून येणाऱ्या ह्या कारागिरांस कोणाच्या व्हिशाची गरज पडली नाही. ज्याचा हात चालला त्यास काम मिळाले. कसब आणि कसबाची मान्यता ह्या दोन गोष्टींमध्ये तेव्हा फारसे अंतर नव्हते.

समुद्रापलीकडे मात्र निराळा न्याय होता. १८३४ पासून हिंदी मजूर करारावर मॉरिशसला जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी लोक बरेच होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आपली मराठी सांभाळून आहेत. उसाच्या मळ्यासाठी माणूस घेताना त्याचे शरीर पाहिले जाई. कसब कोणी विचारीत नसे. पुढे १८९६ ते १९०१ ह्या काळात पूर्व आफ्रिकेत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधण्यासाठी सुमारे ३२,००० हिंदी माणसे करारावर नेण्यात आली. त्यांत बहुतेक पंजाबकडील होती. मजुरांबरोबर गवंडी, सुतार व लोहारही होते. अडीच हजारांच्या सुमारास माणसे तेथेच मरण पावली. देशात ह्या करारपद्धतीविरुद्ध मोठा क्षोभ झाला आणि १९१७ साली करारी मजुरांची पाठवणी थांबली.

ह्यानंतर आला तो १९२२ चा परदेशगमनाचा कायदा. आमच्या विषयाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. कारण त्यात 'अकुशल काम' व 'कुशल काम' ह्यांची स्वतंत्र व्याख्या दिलेली आढळते. शेतीचे काम अकुशलांत धरले होते. आणि कुशल कोण? कारागीर तर होताच. पण त्याबरोबर कारकून, दुकानातील नोकर, खेळ-तमाशांत काम करणारा, खाणावळीत किंवा चहाच्या दुकानात वाढणारा, आणि घरगुती चाकरसुद्धा! पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कापूस व केळी पिकविणारा आमचा शेतकरी त्या कायद्याच्या दृष्टीने अकुशल, आणि परक्याच्या घरी चहाचा पेला नेऊन देणारा कुशल. वाचकांनी ह्यावर हसू नये. येथेच ह्या कहाणीची किल्ली आहे. 'कुशल' हा शब्द माणसाच्या हाताचे वर्णन करीत नाही; तो त्या त्या कायद्याने, त्या त्या वर्षी, आपल्या सोयीसाठी ठरविलेला असतो.

दरम्यान जगाची दारे वर्णावरून बंद होऊ लागली होती. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली कायदा करून नवागतास कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा लिहावयास लावण्याचा अधिकार आपल्या अंमलदारांस दिला. परीक्षा नावाची, हेतू गोरेतरांस परत धाडण्याचा. कॅनडाने १९०८ साली असा नियम केला की, स्वदेशातून अखंड प्रवास करून येणारासच प्रवेश मिळेल. आणि हिंदुस्थानातून तसा प्रवास घडणे जवळजवळ अशक्यच होते. १९१४ साली 'कोमागाता मारू' जहाजावरील हिंदी उतारूंस ह्याच नियमामुळे व्हँकूव्हरहून माघारी फिरावे लागले. १९४७ नंतर भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबांनी परदेशाची वाट धरली. इंग्लंडची वाट १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातील नागरिकांस मोकळी होती. ऑस्ट्रेलियास जाऊ इच्छिणाऱ्याचे मात्र युरोपीय रक्त किती व वर्ण कसा हे प्रथम पाहिले जाई. त्याने किती वर्षे मेलगाडी हाकली हे नंतर. हे वर्णभेदाचे धोरण १९७३ साली पूर्णपणे संपले.

इंग्लंडनेही १ जुलै १९६२ पासून आपले दार लोटून घेतले आणि तीन प्रकारची व्हाउचरे सुरू केली: ज्यास नोकरी ठरली आहे त्यास 'ए', ज्याच्याजवळ तुटवडा असलेले कसब किंवा शिक्षण आहे त्यास 'बी', आणि इतरांस 'सी'. 'सी' प्रकार १९६५ साली बंद झाला. परंतु खरा पालट केला तो कॅनडाने. १ ऑक्टोबर १९६७ पासून तेथे गुणांची पद्धत सुरू झाली. एकंदर गुण १००. शिक्षणास २० पर्यंत, धंद्याच्या मागणीस १५, वयास १०, भाषेस १०, ह्याप्रमाणे. आणि ५० मिळाले म्हणजे साधारणपणे पात्र. रक्त, वर्ण व देश ह्यांस गुण नव्हते. आपण बसतो की नाही, हे उमेदवारास घरच्या घरी पाटीवर मांडून पाहता येण्याची सोय ह्या पद्धतीने झाली. आजच्या बहुतेक पद्धती हिच्याच लेकी आहेत.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांची वाट सुरू झाली. तिच्यातील फसवणुकीस आळा घालण्यासाठी १९८३ साली नवा परदेशगमन कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणे दहावी उत्तीर्ण नसलेल्या व इतर सवलतींतही न बसणाऱ्या माणसास, कामासाठी सौदी अरेबिया, कुवेत, ओमान आदि १८ देशांत जाण्यापूर्वी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' ह्या अंमलदाराची मंजुरी लागते. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ज्याच्या पासपोर्टास ही मंजुरी लागत नाही, तो आपण कुशल ठरलो असे समजतो. तसे नाही. ही मंजुरी म्हणजे आपल्या सरकारने कमी शिकलेल्यांभोवती घातलेले कुंपण आहे. परक्या देशाने दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे.

आता आजची स्थिती पाहू. इंग्लंडमध्ये कुशल कामगारास ७० गुण लागतात. त्यांपैकी ५० परवानाधारक मालकाची नोकरी, कामाची पातळी व इंग्रजी ह्यांचे, आणि उरलेले २० मुख्यतः पगाराचे. १ डिसेंबर २०२० पासून आपल्या बारावीच्या तोडीचे धंदेही चालत आणि सर्वसाधारण पगाराची मर्यादा वर्षास २५,६०० पौंड होती. एप्रिल २०२४ मध्ये ती ३८,७०० झाली. २२ जुलै २०२५ पासून ती ४१,७०० झाली, आणि तात्पुरत्या याद्यांतील काही धंदे वगळता पदवीच्या पातळीखालच्या कामांस नवा प्रवेश बंद झाला. पाच वर्षांच्या आत तोच माणूस, तेच हात, तीच हत्यारे. पण आधी कुशल आणि मग नाही.

जर्मनीने उलट दिशा धरली. १ जून २०२४ पासून तेथे 'संधी-पत्र' मिळते. त्यावर तेथे जाऊन एक वर्षपर्यंत नोकरी शोधता येते. त्यास प्रथम तीन गोष्टी हव्यात: स्वदेशी सरकारमान्य असलेले निदान दोन वर्षांचे धंदेशिक्षण किंवा पदवी, ए-१ पातळीचे जर्मन अथवा बी-२ पातळीचे इंग्रजी, आणि निर्वाहापुरता पैसा असल्याचा पुरावा. त्यावर निदान सहा गुण मिळवावे लागतात.

उदाहरणादाखल आपल्याकडील आय. टी. आय. मधून फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला अठ्ठावीस वर्षांचा तरुण घेऊ. वय पस्तिशीच्या आत, म्हणून २ गुण. शिक्षणानंतर गेल्या पाच वर्षांत त्याच धंद्याचा दोन वर्षांचा अनुभव, म्हणून २. एकूण ४. अजून दोन उणे. जर्मन भाषा ए-२ पर्यंत शिकला तर १ मिळेल, बी-१ पर्यंत शिकला तर २. म्हणजे सहा पुरे झाले. आता त्याचाच शेजारी घ्या: त्याने वेल्डरचा अभ्यासक्रम केला, दहा वर्षे काम केले, आणि त्याचा सांधा पाहून जाणत्यांनी मान डोलवावी. परंतु वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो; म्हणून केवळ त्या प्रमाणपत्रावर तो पहिल्याच पायरीवर अडतो आणि गुण मोजण्याची वेळच येत नाही. हे कोणत्याही दलालाने सांगण्यापूर्वी त्याने स्वतः जाणलेले बरे.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि त्याच वर्षी जर्मनीने कुशल भारतीयांसाठी द्यावयाच्या व्हिशांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. संधी खरी आहे. परंतु करार झाला म्हणून कोणाची पात्रता आपोआप सिद्ध होत नाही. भाषा ज्याची त्यासच शिकावी लागते.

ह्या इतिहासावरून निघणारा बोध चार वाक्यांत सांगता येईल. ज्या देशास जावयाचे त्याच्या सरकारने ह्या वर्षी केलेली 'कुशल' ह्या शब्दाची व्याख्या आधी वाचावी; गेल्या वर्षी गेलेल्या मावसभावाचा दाखला पुरत नाही. मग आपली कागदपत्रे पुढे घेऊन एकेक अट ताडून पाहावी, आणि बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचा दाखला व पासपोर्ट ह्यांवरील नाव अक्षरशः एकच आहे ना, हेही तपासावे. दलालाकडे जाणे झालेच तर त्याची सरकारी नोंदणी पाहावी. त्यास कायद्याने ३०,००० रुपये व त्यावरील कर ह्यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, आणि प्रवासी व्हिशावर नेऊन तेथे काम लावून देतो म्हणणारास दारातूनच परत पाठवावे. आणि ही मोजणी पुरी होईपर्यंत शेत गहाण टाकू नये, आईच्या अंगावरचे सोने मोडू नये. कारण मोजणीस पैसा लागत नाही, आणि गेलेले शेत सहसा परत येत नाही.

राहता राहिली ज्यांचे गुण भरत नाहीत त्यांची गोष्ट. १९२२ च्या कायद्याने आमच्या शेतकऱ्यास अकुशल म्हटले, म्हणून खानदेशातील कापूस पिकावयाचा थांबला नाही. परक्या देशाचा तक्ता त्या देशाची गरज मोजतो. माणसाची किंमत मोजण्याचा त्यास अधिकार नाही. जे जातील त्यांनी डोळे उघडे ठेवून जावे व ह्या धर्मग्रामास विसरू नये. जे राहतील त्यांनी मान खाली घालू नये. दोघांचेही कल्याण असो, हीच ह्या महोत्सवप्रसंगी आमची प्रार्थना.