वळणावर आपल्याला ढकलतं कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोलादपूर मागे पडलं आणि एसटी कशेडीचा घाट चढू लागली, की आमच्या आजीच्या पिशवीतून लिंबू बाहेर यायचं. गाडी लागू नये म्हणून ते आम्हा मुलांना हुंगायला मिळायचं. एकदा ते माझ्या हातून निसटलं. गाडी डावीकडे वळत होती. लिंबू गडगडत उजवीकडे गेलं आणि त्याच्या पाठोपाठ मीही, शेजारच्या काकांच्या अंगावर. ‘अरे, ढकलतोस काय?’ काका म्हणाले. ‘मी नाही, मलाच कुणीतरी ढकललं,’ मी म्हटलं. पुढे शाळेत विज्ञान शिकवताना हा प्रसंग मी अनेकदा सांगितला, कारण त्या दिवशी मला कुणीच ढकललेलं नव्हतं.

असं समजा, की घाटातल्या एखाद्या उंच दरडीवर एक गुराखी उभा आहे आणि एसटीचं छप्पर काचेचं आहे. त्याला काय दिसेल? लिंबू आपलं सरळ निघालं आहे; वळली ती गाडी. टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणानं गाडीला डावीकडे खेचलं, लिंबाला कुणी खेचलं नाही. गाडीत बसलेल्या मला मात्र गाडी स्थिर वाटते, म्हणून लिंबाला बाहेर लोटणारं एक बल मानावं लागतं. पुस्तकात त्याला अपकेंद्री बल म्हणतात आणि ते आभासी असल्याचंही सांगतात. आपण जिथून पाहतो ती संदर्भ चौकट. गुराख्याची चौकट वेगळी, माझी वेगळी.

आभासी म्हणून ते थोडं मात्र नसतं. वळणाची त्रिज्या ५० मीटर आणि गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरा. साठ किलोच्या माणसाला सुमारे बारा किलोच्या वजनाइतका रेटा जाणवेल. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ केला, तर रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. जवळजवळ अठ्ठेचाळीस किलो. पावसात निसरड्या झालेल्या रस्त्यावर टायरांना एवढी पकड मिळत नाही, आणि मग गाडी लिंबासारखी वागते. घाटातल्या वेगमर्यादेच्या पाट्यांमागे एवढंच गणित आहे.

जिथून पाहावं तसं दिसतं, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी सांगितली गेली. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटानं लिहिलं, की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. दासगावच्या खाडीत होडीत बसलेल्या कुणालाही हे पटेल. पण जाणत्यांना ते पटलं नाही. वराहमिहिरानं विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले ससाणे आपल्या घरट्याकडे परत कसे येतात? पुढे ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानंही हरकत घेतली. नंतरच्या काही टीकाकारांनी तर आर्यभटाचा शब्दच बदलून पृथ्वीऐवजी तारकामंडल फिरवलं.

आपल्याकडे सगळं आधीच होतं, असं म्हणायची आपल्याला हौस आहे. मला वाटतं, आर्यभटाचा मोठेपणा त्यानं वाढत नाही. त्याच्याकडे संदर्भ चौकटीची दृष्टी होती. ससाण्याच्या प्रश्नाला जे उत्तर लागतं, ते जडत्व मात्र नव्हतं. आणि वराहमिहिराचा प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नव्हता. हजार वर्षांनी युरोपातले विद्वान हाच प्रश्न विचारत होते.

उत्तर दिलं गॅलिलिओनं, १६३२ च्या ग्रंथात. जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरं सोडा, टांगलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी पडू द्या. जहाज एकसारख्या वेगानं सरळ चालत असेल, तर ते उभं आहे की चालतं आहे हे खोलीतल्या कशावरूनही कळणार नाही. थेंब सरळ खालच्याच भांड्यात पडेल, कारण जहाजाचा वेग त्याच्याही अंगी आहे. ससाण्याच्या अंगी पृथ्वीचा वेग असतो, तसाच. १६४० मध्ये गॅसेंडीनं चालत्या गलबताच्या डोलकाठीवरून दगड टाकवून पाहिला. तो काठीच्या पायथ्याशीच पडला. न्यूटननं १६८७ मध्ये हीच गोष्ट गतीचा पहिला नियम म्हणून मांडली.

कशेडीजवळची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी सुमारे १५९० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चालली आहे, आणि आपल्या चहाच्या कपावर तरंगही उठत नाही.

पण थांबा. सरळ जाणारी गाडी कळत नाही, वळणारी कळते, हे आपण लिंबाकडून शिकलो. पृथ्वी तर सतत वळते आहे! मग ते कळायला हवं. कळतंही, फक्त फार थोडं. विषुववृत्तावर तो रेटा आपल्या वजनाच्या तीनशेव्या भागाच्या आसपास भरतो. फूकोनं १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगला आणि लंबकाची झोक्याची दिशा हळूहळू फिरताना लोकांना दाखवली. ध्रुवावर ती सुमारे चोवीस तासांत पूर्ण फेरी करेल. कशेडीच्या अक्षांशावर मात्र सुमारे अठ्ठ्याहत्तर तास लागतील.

असा लंबक पुण्याला आयुकामध्ये आहे. तिथल्या कुंडाच्या चार कोपऱ्यांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. ही संस्था उभी करणारे कोल्हापूरचे जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी तरुणपणी याच प्रश्नाला हात घातला होता. लिंबू सरळच का जातं? वळणं म्हणजे नेमकं कशाच्या संदर्भात वळणं? जडत्व विश्वातल्या दूरच्या सगळ्या वस्तुमानामुळे येतं, हा माखचा विचार घेऊन हॉईल आणि नारळीकरांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. बहुतेक शास्त्रज्ञ आइन्स्टाइनच्या सिद्धांताबरोबरच राहिले, पण माखचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

२०२३ च्या गणेशोत्सवात कशेडीचा बोगदा हलक्या गाड्यांसाठी अंशतः खुला झाला. हल्ली आम्ही त्यातूनच जातो. नातवाच्या हाती लिंबू दिलं, तर तो विचारतो, ‘आजोबा, हे कशाला?’ मग येताना मी ड्रायव्हरला जुन्या घाटानं गाडी घ्यायला सांगतो. हळू मात्र.