वार्षिक पक्षीनोंद : छंदातून पुरावा

१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात पाहिलेल्या पक्ष्यांच्या जातींची यादी म्हणजे वार्षिक पक्षीनोंद. तीत प्रत्येक जात एकदाच मोजली जाते; पिंजऱ्यातील पक्षी धरले जात नाहीत.

अमेरिकेत १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी नाताळातील शिकारीऐवजी पक्षिगणनेची प्रथा सुरू केली. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी त्याआधीच, १८८३ मध्ये, स्थापन झाली होती. खेतवाडीत वाढलेले डॉ. सालिम अली यांची कारकीर्द याच संस्थेत बहरली.

हिंदमाता, परळ भागातील निरीक्षकांना शिवडीची खाडी सर्वांत जवळची. ओहोटीला चिखल उघडा पडताच रोहित, तुतवार, चिखले तेथे अन्न शोधतात. भरती आली की पांगतात. त्यामुळे नोंदीत तारीख व ठिकाणाबरोबरच वेळही आवश्यक ठरते.

दुर्मिळ पक्ष्याची नोंद सारेच करतात. हिंदमात्याचा कावळा, घार आणि चिमणी मात्र अनेकदा सुटतात. नेहमीचा पक्षी कधी विरळ झाला, हे जुन्या नोंदींवाचून सिद्ध करता येत नाही. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला आणि १७८ जातींना संवर्धनात उच्च प्राधान्य देण्यात आले. त्यामागे सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी होत्या. यादीतील आकडा किती मोठा, यापेक्षा त्याच जागी दरवर्षी नोंद झाली का, हे अधिक महत्त्वाचे.