नांगर विकायला निघालेली ‘खबर’

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलात, तर कराड सोडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस लागतो आणि बराच वेळ संपतच नाही. ताकारी मागं पडतं आणि किर्लोस्करवाडी येतं. दोन मिनिटं थांबून गाडी पुढं जाते. फोनमधून डोकं वर काढण्यासारखं तिथं काही दिसत नाही. पण गेल्या शतकात महाराष्ट्रातल्या हजारो घरांत मासिक यायचं, ते या स्टेशनावरून. त्या मासिकाचा जन्म साहित्यसेवेसाठी झालेला नव्हता. तो झाला नांगर खपवण्यासाठी.

किर्लोस्करवाडीला मी बंदर समजतो. समुद्र लांब, मध्ये सह्याद्री, तरी बंदरच. कसं, ते सांगण्याआधी एका खऱ्या बंदरात जाऊन येऊ.

१७०४ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरात ‘बॉस्टन न्यूज-लेटर’ नावाचं साप्ताहिक सुरू झालं. संपादक तिथले पोस्टमास्तर, जॉन कॅम्पबेल. पहिल्याच अंकात त्यांनी लोकांना सांगून टाकलं की घर विकायचंय, माल विकायचाय, काही हरवलंय, नोकर पळून गेलाय, तर पैसे भरा, आम्ही छापतो. मे महिन्यातल्या एका अंकात एक जाहिरात आली. धक्क्यावरून दोन लोखंडी ऐरणी हरवल्या आहेत, शंभर पौंडांहून जड, कुणाला सापडल्या तर कळवा. एवढ्या वजनाच्या ऐरणी ‘हरवतात’ कशा, हे त्या जाहिरातदारालाही ठाऊक असणारच. त्यानं ‘चोरल्या’ लिहायचं टाळलं एवढंच.

गंमत बाजूला ठेवू. गावात सगळे एकमेकांना ओळखत असते, तर ऐरणींसाठी पेपर लागला नसता. चावडीवर बोललं असतं की संध्याकाळपर्यंत पत्ता लागला असता. बंदरात अनोळखी माणसं येतात, अनोळखी माल उतरतो, आणि कोण कुठून आला हे विचारायला वेळ नसतो. म्हणून छापील नोटीस लागते. त्याच पेपरांत, त्याच टायपात, माणसंही विकायला असायची. गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती. त्या पेपरात गुलामाला जागा होती ती फक्त माल म्हणून. स्वतःची नोटीस द्यायची सोय त्याला नव्हती.

आता जुन्या सातारा जिल्ह्यात या. ‘जुन्या’ म्हणतोय, कारण आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० साली. मध्ये मध्ये संस्थानांचे तुकडे, औंध, सांगली, मिरज, असे विखुरलेले की नकाशा म्हणजे वाकळच.

इथल्या गावात जाहिरातीची गरज कुणाला होती? नांगर लागला की सुतार होता. फाळ झिजला की लोहार होता. त्यांना रोख पैसे द्यायचे नसत. सुगीला खळ्यावर बलुतं द्यायचं. नांगर मोडला तर सुतार पळून जाणार नाही, त्याचं घर चार आळ्या पलीकडं. वस्तूमागं माणूस दिसत होता, आणि त्याच्यामागं त्याचा बाप.

सार्वजनिक सूचना होती ती सरकारची. तिचं नाव दवंडी. शेतसारा भरा, जप्तीचा लिलाव आहे, पटकीची साथ आहे. हलगी वाजायची आणि वाक्य मोठ्यांदा सांगितलं जायचं. सांगणारा बहुधा गावकामगार महार. म्हणजे सरकारचा शब्द गावभर नेणारा आवाज ज्याचा, त्याला त्याच गावात पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता. त्याच्या तोंडून हुकूम ऐकायचा, पण त्याच्या हातचं पाणी नाही! बॉस्टनच्या पेपरला नावं ठेवताना हेही ध्यानात ठेवलेलं बरं. ही वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडलं.

आणि सांगलीसारखी मोठी पेठ? सांगली वसवली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी. मिरजेच्या घराण्यातून वेगळं होऊन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कृष्णाकाठी आले आणि पुढं व्यापारी येत गेले. हळद, गूळ, शेंग यांचा मोठा बाजार झाला. शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण बाजार मोठा म्हणजे उघडा असं नाही. आपल्याकडच्या अनेक बाजारांत भाव रुमालाखाली ठरत. दलाल आणि खरेदीदार कापडाखाली हात घालून बोटं दाबत, आणि शेजारी उभा असलेला शेतकरी स्वतःच्या मालाचा भाव काय निघाला ते सौदा झाल्यावर ऐके. मुंबई इलाख्यात बाजार समित्यांचा कायदा आला १९३९ साली. उघड लिलावाचा आग्रह त्यानंतरचा. म्हणजे विसावं शतक बरंच सरेपर्यंत, ज्याचं पोट भावावर अवलंबून, त्यालाच भावाची खबर शेवटी.

अशा मुलखात लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर विकायला उभे राहिले.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातला. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे.मध्ये गेले, तर रंग ओळखू येत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची रेखाटनं शिकले, शिकवली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं, मग नांगर. पहिले नांगर विकेनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिल्या नांगरांचा खप व्हायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

या समजुतीला आपण आज चटकन अडाणीपणा म्हणतो. मला तसं वाटत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. लाकडी नांगर मोडला तर सुतार. लोखंडी मोडला तर? फाळ झिजला तर तसाच दुसरा कुठून आणायचा? पैसे रोख द्यायचे, तेही ज्याला कधी पाहिलं नाही त्याला. बैलांना ओढेल का? आणि रान बिघडलं तर बलुतं अडवून धरायला सुतारासारखा कुणी हाताशी नाही. ‘विष चढतं’ या दोन शब्दांत हे सगळं होतं. नव्या वस्तूमागं माणूस दिसत नव्हता, ही खरी अडचण.

बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली आणि कारखाना उठवावा लागला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळ माळ दिला, वर दहा हजारांचं कर्ज. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव तिथं उतरले. निवडुंग, दगड, साप, आणि पाण्याची बोंब. तरी ती जागा शहाणपणाची होती, कारण पलीकडं रेल्वे होती. स्टेशनाचं नाव तेव्हा कुंडल रोड. लोखंड आणि कोळसा गाडीनं येणार, नांगर गाडीनं जाणार, आणि ज्या गावांत ते जाणार तिथल्या कुणालाही लक्ष्मणराव माहीत नसणार.

बंदर म्हणालो ते यासाठी. अनोळखी माल, अनोळखी गिऱ्हाईक, मध्ये लोखंडी रूळ.

मग कागद लागला. १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. काढली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी. मराठी वाचक त्यांना शंवाकि म्हणून ओळखतात. हेही मूळचे चित्रकार; कारखान्याच्या जाहिरातीचं आणि विक्रीचं काम त्यांच्याकडं होतं. हेतू सरळ होता. आपला माल काय, तो कसा वापरायचा, कुणाला त्याचा काय उपयोग झाला, हे गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं. नावातच बघा, ना ‘ज्ञान’, ना ‘प्रबोधन’, ना ‘चंद्रिका’. खबर. गावात सहज विचारतात ना, काय खबर?

अशी कल्पना जगात पहिल्यांदा सुचली असं नाही. अमेरिकेत डिअर कंपनी १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ नावाचं नियतकालिक काढत होती. फरो म्हणजे नांगरामागं पडणारं तास. तेही नांगरवालेच! त्याच्याही दीडशे वर्षं आधी, फिलाडेल्फिया बंदरातला छापखानेवाला बेंजामिन फ्रँकलिन यानं आपल्या नव्या लोखंडी शेगडीसाठी १७४४ साली एक पुस्तिका छापली होती. हवा गरम कशी होते, धूर कुठं जातो, सर्दी-पडसं का होतं, असं सगळं त्यात. शेगडी विकत घ्या, हे त्या ओघात. जड आणि महाग लोखंड विकायला नुसती आरोळी पुरत नाही. गिऱ्हाइकाशी बराच वेळ बोलत बसावं लागतं, हे या तिघांनाही कळलेलं दिसतं. आजकाल याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात आणि त्याचे कोर्स विकतात.

पण ‘खबर’चं पुढं जे झालं, ते कोर्समध्ये शिकवत नाहीत. बोलता बोलता ती नांगर विसरली. पूर्ण नाही, पण बरीच. उद्योगधंद्याच्या गोष्टी आल्या, स्वतःच्या पायावर उभं कसं राहावं ते आलं, मग कथा, व्यंगचित्रं, मग रूढींवर टीका, बुवाबाजीवर टीका, विधवांचे प्रश्न, अस्पृश्यता. पुढं नावातलं ‘खबर’ गळलं आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. १९३० साली बायकांसाठी ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली तरुणांसाठी ‘मनोहर’. एका माळावरच्या कारखान्याची तीन मासिकं.

हे नुसतं समाजसुधारणेच्या तळमळीनं झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, आणि नुसतं धंद्यासाठी झालं म्हणणं कोतेपणाचं. माझा तर्क असा की दोन्ही एकमेकांत गुंतलेलं होतं. लोखंडानं जमिनीला विष चढतं असं मानणारा माणूस नांगर घेणार नाही. त्याला नांगर विकायचा तर आधी ‘असं कशावरून?’ हे विचारायची सवय लावावी लागते. आणि ती सवय एकदा लागली की माणूस नांगरापाशी थांबत नाही. तो म्हणतो, मग विधवेच्या केशवपनाचं कशावरून? शिवाशिवीचं कशावरून? नांगराच्या गिऱ्हाइकाला घडवता घडवता ‘खबर’नं वाचक घडवला, आणि तो कारखान्याच्या कह्यात राहिला नाही. पुढं याच ‘स्त्री’च्या संपादक विद्या बाळ झाल्या, आणि १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. कुंडलच्या माळावरचा फाळ कुठवर गेला बघा.

मर्यादाही होती. ही मासिकं वाचणार कोण? ज्याला अक्षर येतं तो. नांगर धरणाऱ्या हातांपैकी फार थोड्यांना ते येत होतं. मास्तर, तलाठी, पोस्टमास्तर, वकील आणि त्यांच्या घरच्या बायका, हा ‘खबर’चा खरा गोतावळा असणार. नांगराचा एजंट गावात वाचून दाखवत असेलही. पण हलगीवाला ज्या वस्तीत राहायचा तिथवर अंक किती गेला असेल, याबद्दल मला शंका आहे. त्याच्यावर लेख आले, त्याचे लेख आले असं दिसत नाही.

दरम्यान बाजारात गर्दी झाली होती. १९२२ साली साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला, तेही नांगरच करू लागले. कूपर पुढं १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते; मुख्यमंत्र्याला तेव्हा तसं म्हणत. कराडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा काच कारखाना १९१६ पासून होता, त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. नांगर, कंदील, पंप, पुढं तेलावरची इंजिनं. एका रेल्वेमार्गाच्या आसपास इतका देशी माल तयार होऊ लागला, की सुताराच्या चार आळ्यांचं जग कधी संपलं ते कळलंही नाही. सुताराचं काय झालं? त्यातले काही याच कारखान्यांत कामाला लागले. बाकीच्यांची खबर कुणी छापली नाही.

आणखी एका नोटिशीबद्दल सांगायला हवं, कारण ती याच माळरानातली आहे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार या भागात उभं राहिलं. कुंडल हे त्याचं मोठं ठाणं, किर्लोस्करवाडीच्या अगदी शेजारी. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ याच रुळांवर सरकारी गाडी लुटली गेली. इंग्रज सरकारनं नाना पाटलांना पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. छापखाना सरकारचा, कागद सरकारचा, चावडी सरकारची, पैसेही सरकार देणार. जाहिरातीत काहीच कमी नव्हतं. नाना पाटील चव्वेचाळीस महिने भूमिगत होते. या गावातून त्या गावात, कुणाच्या माडीवर, कुणाच्या मळ्यात. हजारोंनी पाहिलं असेल त्यांना, पण सरकारच्या हाती ते लागले नाहीत. १९४६ साली ते आपणहून उघड्यावर आले.

मासिकं पुढं पुण्याला गेली. नांगराचे दिवसही ट्रॅक्टरनं संपवले. वाडीत आज पंप होतात, आणि भोंगा झाला की सायकलींच्या जागी मोटरसायकली बाहेर पडतात. सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे भाव सौदा संपायच्या आत शेतकऱ्याच्या व्हॉट्सअॅपवर येतात. ऊस मात्र तसाच आहे, ताकारीपासून पुढं, दोन्ही बाजूंनी.