तळटीप : श्रेयस हरीश आणि २०२३चा हंगाम
* श्रेयस हरीश (जन्म २६ जुलै २०१०) : बंगळूरचा मोटरसायकल शर्यतपटू. २०२३च्या हंगामात राष्ट्रीय पातळीवर त्याने ओळीने चार शर्यती जिंकल्या होत्या. तो उतरत असे त्या ‘वन-मेक’ प्रकारात सर्व स्पर्धकांना एकाच बनावटीची गाडी असते. त्यामुळे निकाल बव्हंशी चालवणाऱ्याच्या कसबावर ठरतो. ५ ऑगस्टला चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर नवोदितांच्या गटात तो पात्रता फेरीत पहिला आला. शर्यत सुटताच पहिल्या वळणातून बाहेर पडताना तो कोसळला. डोक्याला जबर मार बसला. लाल बावटा दाखवून शर्यत तत्काळ थांबवण्यात आली. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. वय अवघे १३. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द केल्या. याच सर्किटवर त्या वर्षी जानेवारीत मोटारींच्या शर्यतीत के. ई. कुमार (५९) यांचाही मृत्यू झाला होता. यश आणि मृत्यू एकाच हंगामात येण्याचे जगप्रसिद्ध उदाहरण योखेन रिंट यांचे : १९७० साली मोंझा येथे सरावात त्यांचा मृत्यू झाला, तरी आधी कमावलेल्या गुणांवर ते फॉर्म्युला वनचे विश्वविजेते ठरले. मरणोत्तर हा किताब मिळालेले ते एकमेव चालक आहेत.