येना, क्रास्नोगोर्स्क, बडोदे : एका लेन्सचा प्रवास

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी घराची डागडुजी काढली, तेव्हा आम्हा दोघा भावांना माळ्यावर वडिलांचा झेनिट-ई कॅमेरा सापडला. चामड्याच्या पेटीचे टाके सुटलेले, शटर अडकलेले, प्रकाश मोजणारी सुई जागची न हलणारी. भंगारवाला तो पितळी भांड्यांच्या ढिगात घालून वजनावर न्यायला तयार होता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही द्यायला तयार होतो. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, कॅमेरा द्या हवा तर, पण पुढची लेन्स काढून ठेवा. ती माझ्या कॅमेऱ्याला लागेल."

आम्हाला ते खरे वाटेना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची रशियन लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला कशी लागणार? पण लागली. घरातल्या मुंजी, बहिणीचे लग्न आणि मंडळाच्या गणपतीचे कितीतरी फोटो ज्या काचेतून निघाले होते, तिच्यातून आम्ही पुन्हा पाहू लागलो. मग लेन्सच्या कड्यावर कोरलेल्या अक्षरांचा अर्थ शोधणे आलेच. हेलिओस-४४-२, ५८ मि.मी., एफ-२. या तीन गोष्टींमागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास निघाला. तो येथे थोडक्यात मांडत आहोत.

सुरुवात जर्मनीतल्या येना या गावापासून करावी लागते. कार्ल झाइस याने १८४६ मध्ये तेथे सूक्ष्मदर्शकांचा कारखाना काढला. पुढे अर्न्स्ट आबे या भौतिकशास्त्रज्ञाने लेन्स अंदाजाने घासण्याऐवजी आधी गणित करून मग घासायची पद्धत आणली आणि ओटो शॉट याच्यासह १८८४ मध्ये खास काच ओतण्याचा कारखाना येनातच उभारला. १८९६ मध्ये झाइसच्या पाउल रुडोल्फने 'प्लॅनार' नावाची लेन्स आखली. तिची कल्पना त्याहून जुनी होती. थोर गणिती गाउस याने १८१७ मध्ये दुर्बिणीसाठी दोन भिंगांची एक जोडी सुचवली होती. अमेरिकेतल्या अ‍ॅल्व्हन क्लार्कने १८८८ मध्ये तशा दोन जोड्या समोरासमोर बसवल्या. रुडोल्फने त्यात भर घालून सहा भिंगांची, चार गटांची रचना केली. आमच्या हेलिओसच्या पोटात आजही हीच मांडणी आहे.

प्लॅनार मात्र त्या काळी फारशी चालली नाही. हवेला लागणारा काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण चार-पाच टक्के प्रकाश परत फेकतो. चार गट म्हणजे असे आठ पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश प्रकाश वाया. वाया गेलेला प्रकाश लेन्सच्या आतच इकडून तिकडे उसळे आणि चित्र धुरकट होई. रुडोल्फनेच १९०२ मध्ये काढलेली चार भिंगांची साधी 'टेसार' त्यामुळे घरोघरी पोचली आणि प्लॅनार मागे पडली. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर अतिपातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची रीत शोधली. आपल्या लेन्सवर निळसर-जांभळी झाक दिसते ती या थराची. ही रीत आधी लष्कराने आपल्याकडे राखली. युद्धानंतर ती सर्वत्र गेली, आणि प्लॅनारच्या घराण्याला खरे दिवस आले.

याच घराण्यात विली मेर्टे याने 'बिओटार' लेन्स आखली. १९३६ मध्ये ड्रेस्डेनहून 'किने एक्झाक्टा' हा ३५ मि.मी. फिल्मचा, आत आरसा असलेला कॅमेरा बाजारात आला होता. आरसा वर-खाली होण्यासाठी लेन्सच्या मागे मोकळी जागा लागते. नेहमीच्या ५० मि.मी.ऐवजी ५८ हा विचित्र आकडा आला, त्याचे कारण ही जागा.

नंतर युद्ध आले. एप्रिल १९४५ मध्ये येना अमेरिकन सैन्याच्या हाती पडले. पण वाटणीनुसार तो भाग सोव्हिएत संघाकडे जायचा होता. म्हणून जूनअखेर निघताना अमेरिकनांनी झाइसचे निवडक शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ पश्चिमेकडे नेले. त्यांनी पुढे ओबरकोखेन येथे दुसरे झाइस उभे केले. मागाहून आलेल्या सोव्हिएत सरकारने युद्धाची भरपाई म्हणून यंत्रसामग्रीचा मोठा हिस्सा उचलला. कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची सामग्री कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात गेली आणि तेथे तो 'कीव्ह' नावाने निघू लागला. लेन्सच्या आखण्या मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला पोचल्या. एका कारखान्याची विद्या अशी दोन देशांत वाटली गेली. आपल्या देशाची वाटणी थोड्याच काळाने झाली. घर सोडून निघालेली माणसे भांडी-कुंडी मागे टाकतात, पण हातातली विद्या त्यांच्याबरोबर जाते, हे आपल्यासारख्या पिढ्यान्पिढ्या बाहेर वसलेल्यांना वेगळे सांगायला नको.

सोव्हिएत कारखान्यांनी लेन्सना नवी नावे दिली. झाइसच्या 'झोनार'पासून 'जुपिटर', टेसारच्या धर्तीवर 'इंडुस्टार' आणि बिओटारवरून 'हेलिओस'. एवढे ध्यानात ठेवले तर जुन्या बाजारात निम्मे काम होते. १९६५ पासून पुढे सुमारे दोन दशके झेनिट-ई कॅमेरा लाखोंच्या संख्येने निघाला आणि त्याबरोबर हेलिओस-४४-२ जगभर गेली. भारताचा सोव्हिएत संघाशी रुपयात व्यापार चाले. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात जपानी कॅमेरा परदेशी असलेल्या नातेवाइकाने आणला तरच मिळे, रशियन कॅमेरा मात्र नोकरदार माणसाला पैसे साठवून घेता येई. वडिलांनीही तसाच घेतला.

आपल्या बडोद्याला कॅमेरा काही नवा नव्हता. सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकत असताना दादासाहेब फाळके छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ काढला. नंतरच्या काळात बडोद्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये अ‍ॅग्फाचा 'क्लिक-३' कॅमेरा तयार होई. पुष्कळ घरांतला तो पहिला कॅमेरा. पण त्याची लेन्स अंगालाच जडलेली, काढता न येणारी. झेनिटची लेन्स आट्यांवर फिरवून काढता येते. हे ४२ मि.मी. व्यासाचे आटे १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स-एस आणि प्राक्टिका कॅमेऱ्यांनी रूढ केले. पुढे जपानच्या पेंटॅक्सनेही तेच घेतले. त्यामुळे पूर्व जर्मनी, रशिया आणि जपान या तिन्ही देशांच्या लेन्स एकमेकांच्या कॅमेऱ्यांना लागत.

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला, आपोआप फोकस होणाऱ्या लेन्सची चलती सुरू झाली आणि हाताने फिरवायच्या लेन्स कपाटात गेल्या. त्या परत आल्या त्या आरसा गेल्यामुळे. ४२ मि.मी. आट्यांच्या लेन्सला तिच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मि.मी. अंतर लागते. आरसा नसलेल्या सोनीच्या कॅमेऱ्यात हे अंतर फक्त १८ मि.मी. आहे. उरलेले २७.४६ मि.मी. भरून काढणारी एक पोकळ धातूची नळी, म्हणजे अडॅप्टर, मध्ये लावली की झाले. त्यात काच नसते, म्हणून चित्र बिघडत नाही. आरशाच्या निकॉन कॅमेऱ्यात मात्र हे अंतर ४६.५ मि.मी., म्हणजे लेन्सच्या गरजेहून जास्त. तेथे साध्या अडॅप्टरने दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही. कॅननच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत ते ४४ मि.मी. आहे आणि पातळ कड्याने काम भागते.

वापरायला सवय लागते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात विजेचा संबंध नसल्यामुळे मेनूत जाऊन 'लेन्सशिवाय शटर' चालू करावे लागते. छिद्राचे कडे आणि फोकसचे कडे दोन्ही हाताने फिरवायचे. हेलिओसला छिद्राची दोन कडी आहेत. एकावर आकडा ठरवून ठेवायचा, दुसऱ्याने उघडझाप करायची. पडद्यावर स्पष्ट झालेल्या कडा रंगीत दाखवण्याची सोय नव्या कॅमेऱ्यांत असते, तिचा मोठा आधार होतो. छिद्र पूर्ण उघडले की पाठीमागची झाडाची पाने चेहऱ्याभोवती गोल फिरल्यासारखी दिसतात. चौकटीच्या कडेला प्रकाशाची वर्तुळे लिंबाच्या फोडीसारखी चेपली जातात, त्याचा हा परिणाम. खरे तर तो दोष, पण आज त्याच दोषासाठी लोक ही लेन्स शोधतात.

विकत घेताना मात्र सावध असावे. पहिल्या लेन्सच्या आनंदात आम्ही घरबसल्या एक जुपिटर मागवली. विक्रेत्याने 'अस्सल जर्मन झाइस काच' असे लिहून दुप्पट पैसे घेतले. आली ती नंतरच्या वर्षांतली, सोव्हिएत काचेची, आणि आतून बुरशीने जाळे विणलेली. क्रास्नोगोर्स्कच्या लेन्सवर बहुधा क्रमांकाचे पहिले दोन आकडे सालाचे असतात, हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते तर फसलो नसतो. त्यानंतर आम्ही वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे देत नाही. अहमदाबादच्या रविवारी बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जायचे, मोबाइलची बॅटरी मागून लावून काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का पाहायचे, छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का तपासायचे, फोकसचे कडे शेवटापर्यंत फिरते का पाहायचे. सर्वांत जुन्या झेनिटचे आटे ३९ मि.मी.चे आहेत, तेही मोजून घ्यावेत. बारीक धूळ चालते, बुरशी चालत नाही.

वडिलांची लेन्स बुरशीतून कशी वाचली याचे आम्हाला नवल वाटते. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याची पेटी ओल धरते आणि लेन्स आतच सडते. आता ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवली आहे. पुड्या ओलावल्या की बदलतो.

गेल्या वर्षी मंडळाच्या आरतीला पुतण्याने ती लावली. फ्लॅश न वापरता, निरांजनांच्या उजेडात, छिद्र पूर्ण उघडून. आरतीला उभ्या असलेल्या आमच्या आईचा फोटो त्याने काढला. नंतर घरी जुना अल्बम उघडला, तर वडिलांनी काढलेला, तिच्या तरुणपणीचा, दांडिया बाजारातल्या गणपतीसमोरचा फोटो निघाला. मागचे दिवे दोन्हींत तसेच गोल फिरलेले. आई बराच वेळ दोन्ही फोटो हातात धरून बसली होती.

आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या माळ्यावर असा एखादा झेनिट, प्राक्टिका किंवा पेंटॅक्स पडला असेल. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तो हाती आला, तर भंगारात देण्यापूर्वी लेन्स उजेडात धरून पाहावी. आणि पावसाळ्यात ती पुन्हा चामड्याच्या पेटीत घालून ठेवू नये, ही विनंती.